विश्लेषण : शेवटच्या दिवशीच ‘सर्व्हर डाऊन’ का?

वाशिम जिल्ह्यातील जऊळक्यासारख्या गावात शेतकरी सोयाबीनच्या बांधावर उभा राहून पिकाचा फोटो काढतो, ‘अपलोड’ दाबतो आणि मोबाइलवर चक्र फिरत राहते. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. पिकाची नोंद सातबाऱ्यावर राहिली नाही, तर नुकसानभरपाईच्या वेळी अडचण येते. अशा वेळी दोष गावातल्या नेटवर्कचा असू शकतो किंवा सर्व्हरचा. सर्व्हरच्या बाजूचे एक नेहमीचे कारण म्हणजे ‘कनेक्शन पूल’ संपणे.

कनेक्शन पूल म्हणजे काय?
वेबसाइट किंवा अॅपची माहिती डेटाबेसमध्ये असते. तिथे पोहोचण्यासाठी प्रत्येक वेळी नवी जोडणी उघडणे वेळखाऊ असते. म्हणून काही जोडण्या आधीच उघडून ठेवतात आणि आळीपाळीने वापरतात. बाजार समितीतला वजनकाटा आठवा. प्रत्येक ट्रॅक्टरसाठी नवा काटा बसवत नाहीत; आहेत त्याच काट्यांवर रांगेने माप होते.

रांग का तुंबते?
समजा, १० जोडण्या आहेत. एका कामाला २० मिलिसेकंद लागले, तर सेकंदाला ५०० कामे होतात. तेच काम २ सेकंदांवर गेले, तर फक्त ५. जोडणी वापरून परत न करणे हा आणखी एक दोष. ट्रॅक्टर काट्यावर सोडून चहाला गेल्यासारखेच ते!

मग जोडण्या वाढवल्या तर?
त्यालाही मर्यादा आहे. ‘पोस्टग्रेस’ या डेटाबेसची मूळ मर्यादा १०० जोडण्यांची, ‘मायएसक्यूएल’ची १५१. अॅपचे २० सर्व्हर प्रत्येकी १० जोडण्या मागू लागले, तर गरज २०० वर जाते. मर्यादा वाढवता येते. पण प्रत्येक जोडणी मेमरी खाते आणि प्रोसेसर तेवढेच राहतात. ठरावीक संख्येपुढे सगळेच मंदावते.

उपाय काय?
संथ कामे वेगवान करणे, जोडणी लगेच परत करणे, एका अर्जदाराने किती वेळ थांबायचे हे ठरवणे आणि मुदतीआधी गर्दीची चाचणी घेणे.

वापरकर्त्याने काय करावे?
‘अपलोड’ वारंवार दाबू नये. प्रत्येक दाबाने रांगेत नवी मागणी जाऊ शकते. थोडे थांबावे, शक्यतो पहाटे किंवा रात्री प्रयत्न करावा. मुख्य म्हणजे, शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये.