ग्रँट मेडिकल कॉलेज : रुग्णालयाच्या आधाराने उभे राहिलेले विद्यालय

मुंबई इलाख्यात पाश्चात्त्य वैद्यक शिकवण्याचा पहिला सरकारी प्रयत्न १८२६ मध्ये झाला. डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखालील त्या शाळेचा हेतू सरकारी दवाखान्यांना देशी मदतनीस पुरवण्यापुरता होता. शिक्षण देशी भाषांतून दिले जाई आणि त्यासाठी ग्रंथांची भाषांतरेही झाली, तथापि १८३२ मध्ये ती बंद पडली. त्यानंतर तेरा वर्षांनी सुरू झालेले ग्रँट मेडिकल कॉलेज मात्र टिकले, आणि त्याचे कारण शोधायचे तर अभ्यासक्रमाआधी शेजारच्या रुग्णालयाकडे पाहावे लागते.

वैद्यकशिक्षणाचे पुरस्कर्ते गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट जुलै १८३८ मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांचे स्मारक म्हणून वैद्यकीय विद्यालय उभारावे असे ठरून शहरातून वर्गणी जमली आणि उरलेला भार सरकारने उचलला. त्याच सुमारास जमशेटजी जीजीभॉय यांनी, सरकारने तेवढीच भर घालावी या अटीवर, रुग्णालयासाठी एक लाख रुपये देऊ केले. भायखळ्यातील दोन्ही वास्तूंची पायाभरणी १८४३ मध्ये झाली. मे १८४५ मध्ये जे. जे. रुग्णालय उघडले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कॉलेजचे वर्ग भरू लागले.

हा क्रम महत्त्वाचा ठरला. पहिले प्रमुख डॉ. चार्ल्स मोरहेड यांचा भर चिकित्सालयीन शिक्षणावर, म्हणजे रुग्णाच्या खाटेशेजारी लक्षणे पाहून निदान आणि उपचार शिकवण्यावर होता. हिंदुस्थानातील रोगांवरील त्यांच्या १८५६ च्या ग्रंथालाही याच रुग्णालयातील निरीक्षणांचा मोठा आधार होता. जॉन पीट शरीररचना आणि शस्त्रक्रिया शिकवत, तर हर्बर्ट जिरॉड यांच्याकडे रसायन आणि वनस्पतिशास्त्र होते.

१८५१ मध्ये आठ विद्यार्थ्यांची पहिली तुकडी ‘जी. जी. एम. सी.’, म्हणजे ग्रँट मेडिकल कॉलेजचे पदवीधर, ही पदवी घेऊन बाहेर पडली. पुढे प्राच्यविद्येतही नाव मिळवलेले भाऊ दाजी लाड, प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष झालेले आत्माराम पांडुरंग आणि गवतांचे अभ्यासक म्हणून ओळखले गेलेले गोमंतकीय जुझे कामिलो लिस्बोआ हे त्यांतले. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८६० मध्ये कॉलेज त्याला संलग्न होताच परीक्षा व पदव्या विद्यापीठाकडे गेल्या.

मात्र इंग्रजीतून शिकलेल्या मोजक्या पदवीधरांवर तालुक्यांतील दवाखाने चालणे शक्य नव्हते, म्हणून १८६१ मध्ये कॉलेजातच मराठी आणि गुजराती वर्ग निघाले आणि त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तके तयार होऊ लागली. हेच शिक्षण पुढे पुणे आणि अहमदाबाद येथील वैद्यकीय शाळांत गेले. १८२६ च्या शाळेचाच हेतू या वर्गांत परत आला होता, पण आता शिकवणाऱ्यांत याच कॉलेजचे पदवीधर होते आणि पुस्तकात वाचलेला रोग पडताळून पाहण्यासाठी शेजारीच रुग्णालयाच्या खाटा होत्या.