इटलीचं मेटल (भाग 6) : रोममधली 14 मिनिटं

1972 साली रोमच्या 'बांको देल मुतुओ सोक्कोर्सो' या बँडनं 'डार्विन!' हा उत्क्रांतीवरचा आल्बम काढला. पहिलंच गाणं जवळपास 14 मिनिटांचं. की-बोर्डवर नोचेन्झी बंधू, आणि वर फ्रान्चेस्को दी जाकोमोचा ऑपेराच्या वळणाचा भरदार गळा. इटालियन प्रोग्रेसिव्ह रॉकचा तो बहराचा काळ.

2024मध्ये रोमच्याच 'डीजीएम' या प्रोग्रेसिव्ह मेटल बँडचा 'एंडलेस' हा आल्बम आला. त्याचं शेवटचं गाणंही सुमारे 14 मिनिटांचंच आहे. आकडा जुळला हा योगायोग म्हणू, पण त्या पिढीशी या आल्बमचं नातं मात्र अस्सल आहे.

डीजीएमची सुरुवात 1994ची. दिएगो, जानफ्रांको आणि माऊरिझिओ या तिघांच्या आद्याक्षरांवरून बँडचं नाव पडलं. ते तिघंही केव्हाच बाहेर पडले, नाव तेवढं राहिलं. आज धुरा गिटारवादक सिमोने मुलारोनीकडे आहे. सान मारिनोतल्या आपल्या स्टुडिओत तो इतर बँडच्या आल्बमचंही मिक्सिंग करतो. ध्वनीतली ती सफाई इथे लगेच कानात भरते. इतके थर असूनही एकही वाद्य दुसऱ्याखाली दबत नाही.

आता या संगीताची खरी गंमत. प्रोग्रेसिव्ह मेटलमध्ये गिटार आणि बेस अनेकदा सात मात्रांचा तुकडा घोळवत राहतात, तर ड्रमची झांज सरळ चाराच्या हिशेबानं वाजत असते. दोन्ही आवर्तनं एकमेकांपासून सरकत जातात आणि 28व्या मात्रेनंतर पुन्हा समेवर भेटतात. ऐकताना एका हातानं चार मोजा आणि कान गिटारवर ठेवा. तो ताण अंगात जाणवतो, आणि सम आली की मान आपोआप डोलते. तबला ऐकलेल्या कानाला हे परकं वाटायचं कारण नाही.

एवढा हिशेब करणारे बँड बरेच आहेत. त्यातले कित्येक मला कोरडे वाटतात, कारण बोटांच्या कसरतीत चालच हरवते. डीजीएमचं तसं होत नाही. त्यांचा गायक मार्क बाझिले इंग्रजीत गातो, पण त्याची चाल लांब, गाती आणि सहज गुणगुणता येईल अशी असते. खाली कितीही गणित चालू असो, गळा त्यात अडकत नाही. दी जाकोमोच्या परंपरेची ही खूण मला फार मोलाची वाटते.

आधीचा 'लाइफ' (2023) घट्ट आणि थेट होता. 'एंडलेस'मध्ये गाण्यांना श्वास घ्यायला जागा मिळाली आहे. मला हाच जास्त आवडला. वेळ कमी असेल तर शेवटचं गाणं आधी ऐका, मात्र मधेच थांबवू नका. आणि त्याच बैठकीत 'डार्विन!'चं पहिलं गाणं लावा.

पुढच्या आठवड्यात ईशान्येकडे, त्रिएस्तेला जाऊ. 'राप्सडी' या बँडनं 1997च्या पहिल्या आल्बमपासून तिथे मेटलला वाद्यवृंदाची जोड दिली.