वजन उतरल्यानंतरची वर्षे

जठराचा आकार लहान करून वजन उतरविण्याची शस्त्रक्रिया पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गाला आता अपरिचित राहिलेली नाही. नात्यागोत्यात, कचेरीत, निदान आपल्या इमारतीत एखादी तरी व्यक्ती अशी आढळते की, जिने ती करवून घेतली आणि वर्षभरात जिचे रूप इतके पालटले की ओळखीची माणसेही क्षणभर चकली. त्या वर्षात कौतुकाला तोटा नसतो. जुने कपडे वाटून टाकले जातात, मधुमेहाच्या गोळ्या कमी होतात किंवा सुटतातही, जिना चढताना लागणारी धाप नाहीशी होते, आणि घरची मंडळी प्रकरण एकदाचे निकालात निघाले असे मानून निर्धास्त होतात. माझा आक्षेप आहे तो या निर्धास्तपणाला. शस्त्रवैद्याचे मुख्य काम काही तासांत आटोपते. त्याने बदललेल्या शरीराचा कारभार रुग्णाला मात्र तहहयात पाहावा लागतो, आणि त्यातील कठीण वर्षे कौतुक ओसरल्यानंतर सुरू होतात.

आपल्याकडे प्रचलित असलेल्या शस्त्रक्रिया मुख्यत्वे दोन. ‘स्लीव्ह’ नावाच्या प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग काढून टाकून एक अरुंद नळी तेवढी शिल्लक ठेवतात. ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे तीस मिलिलिटरची पिशवी करून ती लहान आतड्याला खालच्या बाजूस जोडतात, त्यामुळे अन्न आतड्याचा आरंभीचा भाग टाळून पुढे जाते. दोहोंचा परिणाम केवळ जागा कमी होण्याने घडत नाही. स्लीव्हमध्ये जठराचा जो भाग कापला जातो, तेच घ्रेलिन या क्षुधाप्रेरक संप्रेरकाचे (१९९९ साली जपानी संशोधकांनी ते शोधून काढले) प्रमुख उत्पत्तिस्थान असल्यामुळे भूकच मंदावते. परंतु शरीर दीर्घकाळ स्वस्थ बसत नाही. उतरलेल्या वजनाबरोबर त्याचा उष्मांकांचा खर्चही घटतो, क्षुधा हळूहळू पूर्वपदावर येऊ लागते, आणि पहिल्या वर्षी चार घासांत तृप्त होणारे पोट तिसऱ्या वर्षी आठ घास निमूटपणे स्वीकारते.

किती वजन परत येते, याचे विश्वासार्ह उत्तर स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या आणि चार हजारांवर माणसांचा पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासात सापडते. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले होते; दहा वर्षांनी ही घट २५ टक्के उरली. म्हणजे १२० किलोचा मनुष्य ८२ किलोपर्यंत आला आणि पुढे नव्वदीवर स्थिरावला. या आठ किलोंचे दुःख करावे, की तीस किलो दशकभर दूर राहिले याचा संतोष मानावा? मी नि:संशय दुसऱ्या पक्षाचा आहे. तरीही प्रत्यक्षात माणसे त्या आठ किलोंची लाज बाळगतात आणि ‘डॉक्टर रागावतील’ या भयाने तपासणीला जाणेच सोडून देतात. थोडे वजन परत येणे हा कसूर नव्हे, तो शरीराचा शिरस्ता आहे; आणि ते वाजवीपेक्षा अधिक वाढू लागले, तर आहाराची फेरआखणी, व्यायाम, आणि आता आपल्याकडेही मिळू लागलेली नवी इंजेक्शने असे इलाज वैद्यापाशी असतात. याच अभ्यासाच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुर्मान, तितक्याच स्थूल पण शस्त्रक्रिया न केलेल्या माणसांपेक्षा सुमारे तीन वर्षांनी अधिक ठरले. स्लीव्हचा प्रसार पुढे झाल्यामुळे तिचा समावेश मात्र त्यात नाही.

खरी परीक्षा आहे ती पानावर. वैद्य सांगतात की दिवसाकाठी साधारण साठ ते ऐंशी ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत. आपल्या वाटीभर वरणात ती पाच-सात ग्रॅम निघाली तरी पुष्कळ. मासळी-अंडी खाणाऱ्या कोकणी-गोमंतकीय घरांत हा हिशेब कसाबसा जुळतो, परंतु निव्वळ शाकाहारी घरांत दूध, दही, पनीर, सोयाबीन आणि मोड आलेली कडधान्ये यांचा नेटाने बंदोबस्त केल्याखेरीज तो जुळत नाही. शिवाय आपल्या जेवणाचा क्रमही इथे आड येतो. वरणभाताने आरंभ करण्याचा परिपाठ इतका अंगवळणी पडलेला असतो की, लहानशा जठरातील जागा भातच बळकावतो आणि उसळ, पनीर, अंडे यांची पाळी येईपर्यंत हात आखडतो. म्हणून प्रथिने आधी, भाजी नंतर, आणि भात-भाकरी जागा उरल्यास, असा उलटा क्रम पाळावा लागतो. पाणी आणि ताक जेवणाबरोबर घेऊ नये, अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे, हेही सांगितलेले असते. ताटाशेजारी तांब्या-भांडे ठेवणाऱ्या घराला ते विपरीत वाटते.

सणावारांचे प्रकरण याहून नाजूक. बायपास झालेल्या व्यक्तीने दोन मोदक किंवा वाटीभर बासुंदी एका दमात घेतली, तर अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, पोटात मुरडा आणि ग्लानी असा प्रकार होऊ शकतो. कधी एक ते तीन तासांनी रक्तातील साखर एकदम उतरून हातपाय कापतात. अशा वेळी साखर द्यावी लागली, तरी तिच्यामागोमाग प्रथिनयुक्त काही खाणे आणि वैद्यांना कळविणे आवश्यक असते, नाहीतर गोड खाणे आणि गळून जाणे यांचे चक्र चालू राहते. स्लीव्हचा धोका निराळा: तिथे पोळी-भाजी अडते, पण चहात बुडविलेले बिस्किट, आइस्क्रीम आणि फरसाण विनासायास खाली उतरते, आणि गमावलेले वजन बहुधा याच मार्गाने परत येते. एकादशीची साबुदाण्याची खिचडी तर जवळजवळ निव्वळ पिष्ट. या सर्वांवर आपला आग्रह! पंगतीत ‘घे, एवढ्याने काय होतंय’ म्हणणाऱ्या मावशी-काकूंचा हेतू निर्मळ असतो हे मान्य करूनही मला असे वाटते की, शस्त्रक्रियेपूर्वीचे समुपदेशन रुग्णाइतकेच या मंडळींचेही व्हावे.

आता गोळ्यांविषयी, कारण सर्वाधिक हयगय होते ती इथेच. लोहाचे शोषण मुख्यत्वे लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात होते, आणि बायपासमध्ये नेमका तोच टाळला जातो. ब-१२ जीवनसत्त्व शोषून घेण्यास साहाय्य करणारे द्रव्य जठरात तयार होते, आणि दोन्ही शस्त्रक्रियांत त्याचे उत्पादन किंवा उपयोग घटतो. निरोगी मनुष्याच्या यकृतात ब-१२चा साठा कित्येक वर्षे पुरतो, त्यामुळे उणीव पहिल्या वर्षी जाणवत नाही; ती उघडकीस येते तिसऱ्या-चौथ्या वर्षी, जेव्हा गोळ्यांची सवय मोडलेली असते आणि तळपायांच्या मुंग्यांचा किंवा विसराळूपणाचा संबंध त्या जुन्या शस्त्रक्रियेशी जोडण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. आपल्या शाकाहारी समाजात हा साठा मुळातच तुटपुंजा असतो. म्हणून लोह, ब-१२, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांची रक्ततपासणी निदान वर्षातून एकदा, आजन्म. कॅल्शियम सिट्रेट स्वरूपातले अधिक चांगले शोषले जाते. ते आणि लोह यांत दोन तासांचे अंतर असावे, आणि लोहाची गोळी चहाबरोबर कदापि घेऊ नये. एक ताकीद मात्र विलंब न सोसणारी आहे: कोणत्याही कारणाने काही दिवस सतत उलट्या होत असतील तर ब-१, म्हणजे थायमिन, झपाट्याने संपते आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते, अशा रुग्णाला सलाइनमधून ग्लुकोज देण्यापूर्वी थायमिन देणे इष्ट, आणि ही गोष्ट गावच्या दवाखान्यात नातेवाइकांनीच सांगावी लागते.

मनाचा हिशेब क्वचितच मांडला जातो. अमेरिकेतील यूटा राज्यात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात बायपास झालेल्यांचे एकंदर मृत्यू ४० टक्क्यांनी कमी आढळले, परंतु अपघात, आत्महत्या अशा रोगेतर कारणांचे मृत्यू ५८ टक्क्यांनी अधिक होते. हे आकडे भीती घालण्यासाठी उद्धृत केलेले नाहीत. अन्न हाच ज्यांचा दुःखावरील उतारा होता त्यांच्यापासून तो हिरावून घेतल्यावर मन दुसरा उतारा शोधते, आणि मद्य त्यांपैकी एक. बायपासनंतर ते रक्तात वेगाने चढते आणि दुसऱ्या वर्षापासून व्यसनाचा धोका वाढतो, असे २०१२च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसून आले. लोंबणारी त्वचा आणि एकाएकी मिळू लागलेले परक्यांचे लक्ष यांचाही ताण असतो. सहा महिन्यांत केस गळतात, ते पुढे बहुधा परत येतात. त्यासाठी तेले विकत घेण्याची आवश्यकता नाही.

स्त्रियांच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते. वजन उतरताच पाळी नियमित होऊन गर्भधारणेची शक्यता वाढते. परंतु पहिले बारा ते अठरा महिने ती टाळावी असे वैद्यकाचे मत आहे. पुढे दिवस राहिल्यावर आपल्याकडे सरसकट ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून मधुमेहाची तपासणी करतात. बायपास झालेल्या स्त्रीने ते मुकाट्याने न पिता आधीच सांगावे, म्हणजे घरी यंत्रावर साखर मोजण्याचा पर्याय देता येतो.

तसेच सांगावे लागते दुखण्याखुपण्यात. गुडघा दुखला म्हणून दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी बायपासच्या जोडावर व्रण करू शकते, तंबाखूने तो धोका आणखी वाढतो. आणि बायपासनंतर कित्येक वर्षांनीही पोटात एकाएकी तीव्र कळ आली, तर ते पित्त समजून रात्र काढू नये, कारण आतडे आतल्या फटीत अडकलेले असू शकते आणि तिथे तासांचा प्रश्न असतो. अनोळखी वैद्यापुढे हे सारे कळेत सांगता येईलच असे नाही. तेव्हा शस्त्रक्रियेचा प्रकार आणि तारीख लिहिलेला कागद पाकिटात बाळगावा, आणि आपली शस्त्रक्रिया स्लीव्हची की बायपासची हे ज्याला आता निश्चित आठवत नाही, त्याने आजच कपाटातले जुने दप्तर उघडून डिस्चार्ज कार्ड शोधून काढावे.