सहा सेकंदांतली चाल आणि वार

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांच्या भूमिका-खेळात लढाई जुंपली की वेळेचे तुकडे पडतात. एक फेरी म्हणजे ६ सेकंद. सुरुवातीला प्रत्येक जण वीस बाजूंचा फासा टाकतो आणि त्यावरून पाळ्यांचा क्रम लागतो. आपल्या पाळीत पात्राला त्याच्या वेगाइतके अंतर चालता येते आणि एक मुख्य कृती करता येते. ती वार असेल, मंत्र असेल किंवा नुसती धावाधाव. नकाशावरचा एक चौकोन ५ फुटांचा; माणसाचा वेग ३० फूट, म्हणजे सहा चौकोन. इथवर कुणाचे दुमत नसते. वाद पेटतो तो चाल आणि वार एकमेकांत गुंततात तिथे.

२०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत चाल तोडून वापरता येते. थोडे चालावे, वार करावा, उरलेले चालावे. दोन वार करू शकणाऱ्या योद्ध्याला त्या दोन वारांच्या मधेही पुढे सरकता येते. पाचव्या पातळीचा एक योद्धा घेऊ. समोर दोन गॉब्लिन, म्हणजे छोटे राक्षस. दोन चौकोन चालून तो पहिल्या गॉब्लिनला भिडतो. फाशावर ११ पडतात, त्यात त्याच्या ताकदीचे आणि सरावाचे मिळून ७ मिळवून १८. गॉब्लिनचा आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला गाठावी लागणारी बेरीज, १५, तेव्हा वार लागला. आठ बाजूंच्या फाशावर ५, अधिक ताकदीचे ४, एकूण ९. गॉब्लिनकडे जीव होता ७ गुणांचा, तो कोसळतो. योद्ध्याची २० फूट चाल अजून शिल्लक आहे. पुढे दोन चौकोन चिखल. अशा जमिनीवर प्रत्येक फुटाला दोन फूट खर्ची पडतात, म्हणजे चिखलाचे १० फूट त्याला २० फुटांना पडले. दुसरा गॉब्लिन आता अगदी समोर आहे, पण फाशावर ६ पडतात, बेरीज १३ होते आणि वार हुकतो. चाल संपली, वारही संपले.

आता गॉब्लिनची पाळी. तो सुरी चालवतो आणि सरळ चालायला लागतो. योद्ध्याचा खेळाडू लगेच फासा उचलतो: शत्रू पळतोय, मला संधीचा वार मिळाला पाहिजे! एरवी त्याचे म्हणणे रास्त ठरले असते. पण गॉब्लिनच्या अंगात एक कसब असते: मुख्य कृती वापरून झाल्यावरही, जोडकृती म्हणून, तो अंग चोरून निसटू शकतो. असे निसटणाऱ्यावर त्या पाळीत संधीचा वार होत नाही. योद्ध्याला हेच करायचे असेल तर त्याची पूर्ण मुख्य कृती त्यात जाते.

हा संधीचा वार नीट समजला तर निम्मे वाद उद्भवतच नाहीत. नियमातला कळीचा शब्द आहे पल्ला. दिसणारा शत्रू आपल्या शस्त्राच्या पल्ल्याबाहेर जातो, त्या क्षणी वार मिळतो. जवळ येताना मिळत नाही. पल्ल्याच्या आतल्या आत फिरतानाही नाही. म्हणून ओगरसारख्या धिप्पाड राक्षसाला अर्धा वळसा घालून त्याच्या पाठीशी जाणे पूर्ण सुरक्षित आहे. पाठीमागून एक पाऊल लांब जाणे मात्र नाही. लांब दांड्याच्या कुऱ्हाडीचा पल्ला १० फूट असतो, तेव्हा तिच्यासमोरून एक चौकोन मागे सरणारा अजून टप्प्यातच असतो. वार पडतो तो पल्ला सोडण्याच्या किंचित आधी. त्यात जीव गेला तर प्रेत जुन्याच चौकोनात पडते, पुढच्या नव्हे.

इथे जुन्या आवृत्त्यांची सवय आडवी येते. २००३ च्या साडेतीनाव्या आवृत्तीत शत्रूच्या टप्प्यातला चौकोन सोडणेच धोक्याचे होते, मग पुढचा चौकोनही त्याच टप्प्यात का असेना. तिथे पडलेल्या माणसाने उठून उभे राहिले तरी वार ओढवत असे. पाचव्या आवृत्तीत उठायला निम्मा वेग लागतो, वार ओढवत नाही. सगळे वार करायचे असतील तर जुन्या नियमात जागेवर राहावे लागे, फार तर एक पाऊल सरकता येई. नवी मोकळीक खेळाला खरोखर जिवंत करणारी आहे. लढाई दोन खांबांसारखी समोरासमोर उभी राहत नाही.

तिरंदाजाची अडचण यातून नेमकी दिसते. ओगरसारखा शत्रू ५ फुटांवर असताना बाण सोडला तर दोन फासे टाकून त्यातला लहान आकडा धरावा लागतो. मागे सरला तर संधीचा वार. निसटण्याची कृती केली तर बाण सोडता येत नाही. सुटका करायची ती सोबत्यांनी: कुणीतरी मुद्दाम ओगरसमोरून पळून त्याचा वार अंगावर घ्यायचा. संधीचा वार ही प्रतिक्रिया आहे, ती एकदा खर्ची पडली की स्वतःची पुढची पाळी येईपर्यंत परत मिळत नाही. एकाने सोटा खाल्ला की तिरंदाज निर्धास्त मागे जाऊ शकतो.

राखून ठेवलेल्या वाराचाही हिशेब असाच होतो. “तो दारातून आत आला की मी वार करतो,” असे आधी ठरवून ठेवता येते, पण तो वारही प्रतिक्रिया म्हणूनच होतो आणि दोन वारांच्या योद्ध्यालाही एकच मिळतो, कारण जादा वार फक्त स्वतःच्या पाळीत चालतो. आणि ज्याला दुसऱ्याने ढकलून किंवा मंत्राने फेकून पल्ल्याबाहेर काढले, त्याच्यावर संधीचा वार होत नाही. तो स्वतः चालत गेलेला नसतो.