गव्हाच्या पैशातून आले अभ्यासक! परदेशी प्राध्यापक आपल्याकडं का येतात, खर्च कोण करतं? समजून घ्या

विद्यापीठात परदेशातले प्राध्यापक आले, आंतरराष्ट्रीय राजकारणावर किंवा इतिहासावर व्याख्यान झालं, अशी बातमी मोबाईलवर अधूनमधून येते. फोटोत शाल, श्रीफळ आणि पाठीमागं बॅनर असतो. आपण फोटो बघतो आणि पुढं सरकतो. पण हे लोक येतात कशाला, त्यांना पाठवतं कोण आणि त्याचा गावाशी काय संबंध, हे बातमीत नसतं.

अभ्यागत प्राध्यापक म्हणजे काय?

दुसऱ्या विद्यापीठातून काही आठवडे, महिने किंवा वर्षभरासाठी आलेला अभ्यासक म्हणजे अभ्यागत प्राध्यापक. तो व्याख्यान देतो, ग्रंथालयात बसतो, जुनी दप्तरं तपासतो, गावात जाऊन माणसांशी बोलतो. मग आपलं संशोधन चारचौघांत वाचून दाखवतो. त्याला सेमिनार म्हणतात. समोरचे प्रश्न विचारतात, चुका काढतात आणि त्यातून लिखाण पक्कं होतं.

बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातल्या जातींवरचा आपला प्रसिद्ध निबंध असाच वाचला होता. ९ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, प्रा. गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये. तेव्हा ते २५ वर्षांचे विद्यार्थी होते.

गहू, मिलो आणि पुस्तकं

आता पैशाचं बघू. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना साठच्या दशकातला रेशनचा अमेरिकन गहू आणि लाल मिलो आठवत असेल. हे धान्य प्रामुख्यानं अमेरिकेच्या 'पीएल-४८०' या कायद्याखाली यायचं. कायदा १९५४ चा, भारताशी पहिला करार १९५६ चा. आपल्याकडं डॉलर नव्हते म्हणून धान्याची किंमत रुपयात भरायची सोय होती. ते रुपये भारतातच अमेरिकेच्या नावावर जमा व्हायचे. बराचसा भाग भारताला विकासासाठी कर्जाऊ मिळायचा. काही भाग अमेरिका इथंच खर्च करायची. त्यातला थोडा पैसा पुस्तकं आणि संशोधनाकडं गेला.

१९६१ मध्ये पेनसिल्व्हानिया विद्यापीठाचे प्रा. नॉर्मन ब्राऊन यांच्या पुढाकारानं 'अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज' ही संस्था सुरू झाली. तिचं भारतातलं पहिलं कार्यालय पुण्यात, डेक्कन कॉलेजात होतं. १९६२ पासून अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयानं दिल्लीत कार्यालय उघडून भारतीय भाषांतली पुस्तकं खरेदी केली आणि तिकडच्या विद्यापीठांना पाठवली. त्यात मराठी पुस्तकंही होती. म्हणजे रेशनच्या गव्हाच्या पैशातून मराठी पुस्तकं शिकागोच्या कपाटात जाऊन बसली.

यात राजकारण नव्हतं असं नाही. १९६५-६६ च्या दुष्काळात १९६६ साली सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आणावं लागलं. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी तेव्हा धान्य थोडं थोडं सोडायचं धोरण ठेवलं. भारतानं शेतीचं धोरण बदलावं हा त्यांचा आग्रह होता आणि व्हिएतनाम युद्धावर भारत करत असलेली टीकाही त्यांना खटकत होती. आपली चूल दुसऱ्याच्या जहाजावर अवलंबून असली की काय होतं, ते त्या वर्षी कळलं. साठलेल्या रुपयांचा हिशोब १९७४ मध्ये मिटला. अमेरिकेनं १,६६४ कोटी रुपयांचा चेक भारताला परत दिला.

हाती काय लागलं?

एलिनॉर झेलियट या अमेरिकन बाईंनी महार समाजाच्या चळवळीचा अभ्यास केला आणि १९६९ मध्ये पेनसिल्व्हानियातून पीएच.डी. मिळवली. आंबेडकरी चळवळीवर तिकडं फारसं कोणी लिहीत नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. जर्मनीच्या हायडेलबर्ग विद्यापीठाचे सोन्थायमर धनगरांच्या वाड्यांवर फिरले आणि १९७६ मध्ये बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावर ग्रंथ लिहिला. गेल ऑम्वेट यांनी सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीवर १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात पीएच.डी. केली. त्या तर परत गेल्याच नाहीत. वाळवा तालुक्यातल्या कासेगावला राहिल्या, १९८३ मध्ये भारताच्या नागरिक झाल्या आणि २०२१ मध्ये कासेगावलाच गेल्या.

म्हणजे आपल्या वाडीवस्तीचा इतिहास जगाच्या विद्यापीठांत गेला, त्यात या पाहुण्यांचा मोठा वाटा आहे.

मग संशय घ्यायचा का?

आंधळा विश्वास नको आणि उगाच संशयही नको. १९६८ मध्ये हिमालयाच्या सीमाभागावरच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका संशोधनाला अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा पैसा असल्याचं बाहेर आलं आणि भारतात मोठा गदारोळ झाला. आज परदेशी संशोधकाला संशोधनासाठी वेगळा व्हिसा लागतो. म्हणून गावात कोणी रेकॉर्डर घेऊन आलं, देशी असो की परदेशी, तर चार गोष्टी सरळ विचाराव्यात:

– कोणत्या विद्यापीठाकडून आलात?
– खर्च कोण करतंय?
– आमचं बोलणं कुठं ठेवणार, नाव छापणार का?
– लिहून झाल्यावर आम्हाला प्रत देणार का?

खरा अभ्यासक या प्रश्नांनी चिडत नाही. उलट त्याला बरं वाटतं.

घरातले कागद जपा

माळ्यावरच्या पेटीत मोडीतले कागद असतील तर रद्दीत घालू नका. वतन, पाणी, गहाणखत, देवस्थान यांचे कागद हाच गावाचा इतिहास. अभ्यासकाला मोबाईलवर फोटो काढू द्या, मूळ कागद मात्र हातचा सोडू नका.

आणि हा रस्ता एकतर्फी नाही. फुलब्राइट शिष्यवृत्तीचा करार भारत-अमेरिकेत २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला. २००८ पासून भारतही त्यात बरोबरीनं पैसे घालतो. आता तिचं नाव फुलब्राइट-नेहरू. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिकडची माणसं आपलं गाव अभ्यासायला आली. आता आपल्या पोरांनी तिकडं जाऊन त्यांचं गाव, त्यांची शेती आणि त्यांचं राजकारण अभ्यासावं. पुढच्या वेळी विद्यापीठात व्याख्यान असेल तर कॉलेजला जाणाऱ्या पोराला सांगा, फोटोपुरतं थांबू नको, एक तरी प्रश्न विचारून ये.