काल रात्री कोणाबरोबर जेवलात?

दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक वृद्ध रुग्णास मी दोन प्रश्न विचारतो. काल रात्री काय जेवलात? आणि कोणाबरोबर जेवलात? पहिला प्रश्न मी महाविद्यालयात शिकलो. दुसरा एका आजींनी शिकविला.

परभणीजवळच्या खेड्यातील या आजींचे वय ७२. मधुमेह जुना, यजमान निवर्तलेले, मुले पुण्यास. एका हिवाळ्यात त्यांची साखर इतकी आटोक्यात आली की मी त्यांना शाबासकी दिली. सहा महिन्यांत वजन ५२ किलोंवरून ४७ वर उतरल्याचे मात्र माझ्या नजरेतून सुटले. पुढे चक्कर येऊन पडल्या म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना आणले, तेव्हा मी नीट चौकशी केली. आजी म्हणाल्या, "एकटीसाठी चूल कुठं पेटवू, डॉक्टरसाहेब? तुम्ही भात नको म्हणालात, भाकरी कमी म्हणालात. मग सांजच्याला चहात दोन बिस्किटं बुडवून खाते अन् पडते."

मधुमेहाची गोळी त्या न चुकता घेत होत्या. पोटात पुरेसे अन्न नसताना काही गोळ्या साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवितात. मी ज्याला पथ्य समजलो, ती उपासमार होती. तो दोष माझाच.

त्याच सुमारास शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' पुन्हा वाचले. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या स्वयंपाकाची नोंद करणारे हे पुस्तक २०२४ साली इंग्रजीतही आले. पाककृतींसाठी ते हाती घेणारा वाचक अस्वस्थ होऊन ते मिटतो. माझ्या मते तेच त्याचे मोठेपण. ताटावरून माणसाची पायरी ठरविणारा समाज त्यात दिसतो. वाचताना वाटले, आम्ही डॉक्टरही नकळत तेच करतो. चिठ्ठीवर सफरचंद आणि पनीर लिहितो. रुग्णाच्या घरी रोज शिजणाऱ्या अन्नाचे नावही घेत नाही.

वास्तविक आपल्या जिल्ह्याचे ताट दरिद्री नाही. ज्वारीची भाकरी, मुगाचे वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, ताक यांत पुष्कळ काही आहे. येथील कृषी विद्यापीठाने २०१८ साली 'परभणी शक्ती' हे ज्वारीचे वाण दिले. त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या वाणांपेक्षा अधिक असते. दात नसतील तर भाकरी वरणात कुस्करावी, ज्वारीच्या कण्या ताकात कालवाव्यात. मधुमेहात भाकरी मोजून खावी, सोडू नये. तिच्याबरोबर डाळ, अंडे वा दही असावे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. महेश मांजरेकर यांचा 'जुनं फर्निचर' हा २०२४ चा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पत्नीच्या मृत्यूनंतर एक वृद्ध पिता स्वतःच्या मुलाला न्यायालयात खेचतो. न्यायालयातील काही प्रसंग मला भडक वाटले. पण मूळ दुखणे खरे आहे. आईवडिलांच्या निर्वाहासाठी २००७ चा कायदा आहे आणि त्या निर्वाहात अन्नही मोडते. कायद्याने ताट मिळेल. ताटासमोर बसणारे माणूस मात्र मिळणार नाही. आजींची मुले पैसे नियमित पाठवीत. घरात धान्य भरपूर होते. नव्हती ती सोबत.

म्हणून घरच्यांना काही गोष्टी सांगतो.

वृद्धांचे वजन दरमहा एकाच काट्यावर करून वहीत लिहावे. प्रयत्न न करता सहा महिन्यांत ६० किलोंच्या माणसाचे तीन किलो घटले, तर वयावर न ढकलता डॉक्टरांकडे न्यावे.

किती पथ्ये खरोखर आवश्यक आहेत, हे डॉक्टरांना वर्षातून एकदा तरी विचारावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे.

जेवण टळले तर मधुमेहाच्या गोळीचे काय करावे, हेही आधीच विचारून ठेवावे.

वयानुसार तहान मंदावते. पाणी वा ताक समोर आणून द्यावे. दिवसभराचे मीठ एका चहाच्या चमच्याहून अधिक नसावे. लोणचे आणि पापड त्याच हिशेबात धरावेत.

दिवसातून एक जेवण तरी कोणाच्या सोबतीने व्हावे. दूर राहणाऱ्या मुलांनी आपल्या जेवणाच्या वेळी फोन लावावा. "जेवलात का?" असे विचारले की "हो" हेच उत्तर येते. "काय केलं होतं?" असे विचारावे.

आजींची गोळी मी कमी केली. शेजारच्या एकट्या राहणाऱ्या जाऊबाई आता सायंकाळी त्यांच्याकडे येतात. दोघींची मिळून एक चूल पेटते. चार महिन्यांत वजन दोन किलोंनी वाढले. साखर पूर्वीइतकी उत्तम नाही, पण आजी पुन्हा पडलेल्या नाहीत. ती थोडी अधिक साखर मी आनंदाने स्वीकारली आहे.

आज सायंकाळी आपल्या आळीत कोण एकटे जेवणार आहे, एवढे पाहून ठेवा. जमल्यास आपले ताट घेऊन तिकडेच बसा.