जामीन कोण राहणार? सालबाईच्या तहाकडे पुन्हा एकदा

पतपेढीच्या कर्जाला जामीनदार म्हणून सही केलेली माणसं या सभागृहात नक्की असणार. जळगाव-धुळ्याकडे असा माणूस घरटी एखादा सापडेल. सही करताना चहा मिळतो, आणि कर्जदारानं हप्ते थकवले की नोटीस आपल्या दारात येते. मध्यस्थ आणि जामीन यांतला फरक त्या दिवशी नीट कळतो. मध्यस्थ दोघांना एकत्र बसवतो, बोलणी जुळवतो आणि घरी जातो. जामिनाचं मात्र स्वतःचं काहीतरी अडकलेलं असतं.

युक्रेनच्या निमित्तानं ‘सुरक्षेची हमी’ हे शब्द आपण सारखे वाचतो. दोन राज्यांच्या तहाला तिसरा जामीन राहतो म्हणजे नेमकं काय करतो, हे समजून घ्यायला आम्हाला फार लांब जावंसं वाटत नाही. आपल्याकडे सालबाईचा तह आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. रघुनाथरावाची बाजू घेऊन मुंबईकर इंग्रज 1775 मध्ये पेशव्यांशी लढाईत उतरले. 1776 मध्ये पुरंदरचा तह झाला, तो टिकला नाही. जानेवारी 1779 मध्ये वडगावला इंग्रजांची फौज कोंडली गेली. त्यांनी करार लिहून दिला, दोन माणसं ओलीस ठेवली, आणि सुटका झाल्यावर तो करारच नाकारला. लगेच पुढच्या महिन्यात गॉडर्डची फौज बऱ्हाणपुराहून आपल्या खानदेशातून सुरतेला गेली. म्हणजे लेखी शब्द झाला, ओलीस झाले, तरी काही उपयोग नाही. आपल्याकडे बेलभंडार उचलून शपथा होत, त्यांचंही तेच. देव साक्षीला असतो खरा, पण तो फौज घेऊन येत नाही! हॉब्जनं 1651 मध्ये हीच अडचण मांडली होती. करार मोडणाऱ्याला धाक नसेल, तर करार पाळणारा एकटाच फसतो.

मग 17 मे 1782 रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाईला तह झाला. इंग्रजांकडून डेव्हिड अँडरसन होता, पेशव्यांच्या वतीनं महादजी शिंदे. तहातली साष्टी, वसई, रघुनाथरावाचा तनखा ही कलमं पाठ्यपुस्तकात असतात. आमच्या मते खरं कलम सोळावं. त्यात दोन्ही पक्षांनी महादजीला जामीन राहण्याची विनंती केली आहे, आणि दोघांपैकी कुणीही तह मोडला तर महादजी दुसऱ्याला जाऊन मिळेल व मोडणाऱ्याला ताळ्यावर आणण्यासाठी शक्य ते सारं करील, असं लिहिलेलं आहे.

इथं क्षणभर थांबू या. जामीन कोण, त्यानं कधी हालायचं, कुणाच्या बाजूनं हालायचं, हे सगळं या एका कलमात आलं. आता 5 डिसेंबर 1994 चा बुडापेस्टचा कागद पाहा. युक्रेननं आपल्या भूमीवरची अण्वस्त्रं सोडली; रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी त्याच्या सीमांचा आदर करण्याचं आश्वासन दिलं. अण्वस्त्राच्या धमकीचा प्रसंग आला तर सुरक्षा परिषदेकडे जाऊ, असं त्यात आहे. पण सही करणाऱ्यांपैकीच एकानं सीमा मोडली तर बाकीच्यांनी फौज घेऊन यायचं, असं कुठंही नाही. 2014 मध्ये क्रिमिया गेला, 2022 मध्ये पूर्ण आक्रमण झालं, आणि दोन्ही वेळा आक्रमण करणारा होता सही करणाऱ्यांतलाच एक.

मात्र महादजीला आम्ही धर्मराज ठरवत नाही. तो तटस्थ नव्हताच. तो पेशव्यांचा सरदार, आणि त्याच युद्धात इंग्रजांशी लढलेला. 1780 मध्ये त्याचा ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांनी घेतला होता. ऑक्टोबर 1781 मध्ये त्यानं त्यांच्याशी स्वतंत्र करार केला आणि मध्यस्थी पत्करली. या साऱ्यात त्याला भडोच मिळालं. उत्तरेत हात मोकळे हवे होते, तेही झाले. तह मोडला असता तर पहिलं नुकसान त्याचंच होतं. म्हणूनच त्याच्या शब्दाला वजन होतं, असं आम्हाला वाटतं.

पुण्यात नाना फडणवीस अस्वस्थ होते, आणि आमच्या मते तसं असणं रास्त होतं. हैदर त्यांच्या बाजूनं लढत होता, त्याला मध्येच कसा सोडायचा? हैदर 7 डिसेंबर 1782 ला वारला; तहाची अखेरची देवघेव 24 फेब्रुवारी 1783 ला झाली. दुसरा पेच आणखी खोल होता. चाकर जर धनी आणि परका यांच्यामध्ये जामीन राहिला, तर तो चाकर उरतो का? इंग्रजांना शिंद्यांशी थेट बोलण्याचा रस्ता सापडला, तो पुढं कधी बंद झाला नाही. तरीही इंग्रज-मराठे यांच्यात 1803 पर्यंत मोठं युद्ध झालं नाही. त्याचं सारं श्रेय सोळाव्या कलमाला देता येणार नाही, कारण टिपूची धास्ती दोघांनाही होती.

आता याची उलटी बाजू. 31 डिसेंबर 1802 ला दुसऱ्या बाजीरावानं वसईचा तह केला. या वेळी हमीदार खुद्द कंपनी. तिची फौज पेशव्यांच्या मुलखात राहणार, खर्चाला 26 लाखांचा मुलूख, आणि निजाम किंवा गायकवाडांशी वाद झाला तर निवाडा कंपनीचा. जामीन, मध्यस्थ आणि न्यायाधीश एकच! गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री कंपनीच्या हमीवर पुण्याला आले आणि 20 जुलै 1815 ला पंढरपुरात त्यांचा खून झाला. कंपनीनं हमीचा जाब पुरेपूर वसूल केला. त्र्यंबकजी डेंगळ्यांना ताब्यात घेतलं आणि पुढं 1817 च्या पुणे तहात पेशव्यांचा मोठा मुलूखही घेतला. शास्त्रीबुवा काही परत आले नाहीत.

खानदेशानं या काळात काय भोगलं ते आपल्याला ठाऊक आहे. 1802 मध्ये होळकरांच्या फौजेनं मुलूख लुटला, 1803-04 ला दुष्काळ पडला. 6 जानेवारी 1818 ला मंदसोरच्या तहात होळकरांनी खानदेश कंपनीला देऊन टाकला. तापीकाठच्या थाळनेरच्या किल्लेदारानं, तुळशीराम मामानं, तो हुकूम मानला नाही. 27 फेब्रुवारीला इंग्रज फौज दारात आली. दरवाजात बोलणी सुरू झाली. एकमेकांचं बोलणं नीट कळलं नाही, असं इंग्रजांच्याच वृत्तांतात आहे. दोन गोरे अधिकारी मारले गेले, मग किल्ल्यातली शिबंदी कापली गेली आणि किल्लेदाराला फाशी दिलं. दोन्ही बाजूंनी ज्याच्या शब्दावर थांबावं असा एकही माणूस त्या दरवाजात उभा नव्हता.